राणी उनी का?

सुरतेला नवागामात खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "केळं खास का?"

आता मी माहेरची अकोल्याकडची. लग्नाला तीन आठवडे झालेले, सासर खान्देशातलं, आणि अहिराणी मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हती. मला वाटलं, जळगावकडचा माणूस, आपल्या केळ्याचं कौतुक करून घेतोय. मी पदर सावरून छान हसले आणि म्हटलं, "हो तर! केळं खासच. आम्ही तर रोज आणणार."

म्हातारा दोन पावलं मागे सरकला. मग तो आमच्या यांच्याकडे वळून असा ओरडला, की तळमजल्यावरची वहिनी हातात लाटणं घेऊन बाहेर आली. यांनी मला बाजूला ओढून सांगितलं, "अगं, अहिराणीत 'खास' म्हणजे 'खातेस'. तू केळं खातेस का, विचारतायत. आणि केळं खाणाऱ्याला इथे खोली मिळत नाही."

खान्देशी माणूस, आणि घरात केळ्याला बंदी! मी म्हटलं, हे काय खूळ? पण खोली हवेशीर होती, यांना कामावर जायला पलसाण्याच्या बसला जवळ पडणारी होती, म्हणून मी तिथल्या तिथे केळं सोडल्याची शपथ घेतली. पुढची चार वर्षं मी केळं खायला उधन्यापर्यंत जायची आणि येताना बडीशेप चघळत यायची, चोरून पिणाऱ्या माणसासारखी.

तेच आमचे आबा. आता आम्ही कोसाडला राहतो, पण कोणी 'आबा' म्हटलं की मला तो माणूस आठवतो आणि हसू फुटतं.

केळ्याचं कारण धाब्यावर होतं. सुरतेत गच्चीला धाबं म्हणतात. नियम धाब्यावर बसवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण धाब्यावर मधमाशा बसवणारा हा एकच. दोन पेट्या, विटांच्या चौथऱ्यावर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. माशी चिडली की तिच्या अंगाला म्हणे पिकल्या केळ्याचा वास येतो, आणि त्या वासानं बाकीच्यांना कळतं की चला बायांनो, डंख मारायला निघा. म्हणजे केळं खाऊन कपडे वाळत घालायला वर जाणं हे आबांच्या मते पोलीस चौकीसमोर शिट्टी वाजवण्यासारखं होतं.

माशा होत्या इटालियन. हो, त्या जातीचं नावच तसं आहे. आणि आबा त्यांच्याशी शुद्ध अहिराणीत बोलायचे. "मन्या बाया" म्हणायचे त्यांना, माझ्या बाया. "मन्या बायास्ले चहाना टाइमले कोनी तरास देवाना नही," असा दम भरून ते रोज चार वाजता त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे.

बोलायचे म्हणजे ओरडायचे. तीस वर्षं पॉवरलूमवर काढलेली, कान त्या खटाखटीत गेलेले. आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे जगालाच येत नसणार, असा त्यांचा हिशोब. एकदा जिन्यात मला थांबवून, तोंडाला हाताचा आडोसा धरून, त्यांनी तळमजल्यावरच्या पोरीला स्थळ येणार असल्याची गुप्त बातमी दिली आणि शेवटी बजावलं, "कोन्ले सांगू नको, माय!" समोरच्या लूमच्या कारखान्यातून दोघं-तिघं एकदम ओरडले, "नाही सांगत, आबा!"

आणि त्यांचा तो पोशाख! पेटी उघडताना तोंडावर जाळी लागते. विकतची जाळी घेतील तर ते आबा कसले. सुरतेत जाळीच्या कापडाला काय तोटा? कुठल्याशा नवरीच्या ओढणीचा माल डाग पडून बाद झाला होता, त्यातला तुकडा त्यांनी उचलला. गुलाबी नेट, वर चंदेरी टिकल्या, कडेला लेस. ती ओढणी टोपीवरून सोडून सत्तरीचा हा गृहस्थ धाब्यावर उभा राहिला की टिकल्यांवरचं ऊन समोरच्या भिंतीवर नाचायचं आणि गल्लीतली पोरं ओरडायची, "नवरी उठली!" आबांना ते ऐकू यायचं नाही. ते हात हलवून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचे.

माशांची विद्या ते कुठल्याशा शेतकी शिबिरात पाच दिवस बसून शिकले होते. त्यातलं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं आणि ते त्यांनी आपल्या भाषेत करून घेतलं होतं. "दवा देवानं सोपं से, माय. मंग बठी ऱ्हावानं, ते अवघड." औषध देणं सोपं, नंतर बसून राहणं अवघड. माशांना औषध दिलं की त्या काय करतात ते बघत राहायचं, घाबरायचं नाही, मध्येच हात घालायचा नाही.

वाक्य चांगलंच आहे हो! पण ते माणसांनाही लावायचे. आमच्या यांना एकदा जुलाब लागले. आबांनी ओव्याचा काढा आणून पाजला, आणि मग आमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. दर अर्ध्या तासानं आरोळी, "काय फरक पडना?" मी आतून सांगायची, ते शिंप्याच्या खडूनं भिंतीवर लिहायचे. 'सकाळ दोनदा. दुपार एकदा. चेहरा बरा.' जिन्यातून येणारा-जाणारा ते वाचायचा. हे बरे झाले ते काढ्यानं नाही, लाजेनं.

मीही त्यांच्या कामाची झाले, ती माझ्या कानांमुळे. पेटीवर हात ठेवला की आत मशीन चालू आहे की बंद एवढं त्यांना कळायचं, पण सूर कळायचा नाही. आणि माशांचं सगळं सुरात असतं. म्हणून रोज सकाळी मी पेटीला कान लावायचा आणि त्यांना सांगायचं. आमची त्यासाठी एक भाषाच झाली होती. एकसारखी गुणगुण असली की 'मशीन लोडवर'. चिडचिडा आवाज असला की 'पट्टा सुटला'. मी हे धाब्यावरून ओरडून सांगायची. मला कसली लाज राहिली होती म्हणा!

मग एका वर्षी अश्विनात पहिल्या पेटीत गोचीड निघाली. म्हणजे आबा तिला गोचीड म्हणायचे. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा तपकिरी किडा असतो, माशीच्या अंगाला चिकटतो आणि पिल्लांना खातो. त्यावर औषध म्हणून एक ॲसिड असतं, फॉर्मिक. तेच कापडाच्या रंगखात्यातही लागतं, त्यामुळे उधन्याला केमिकलच्या दुकानात ते मिळालं. शिबिरात सांगितलं होतं, सुती कापडाची घडी त्यात भिजवा आणि पेटीत वरच्या बाजूला ठेवा. कापड ॲसिड धरून ठेवतं, वाफ हळूहळू उतरते, किडे मरतात, माशा वाचतात.

सुती कापड! सुरतेत!

अहो, आम्ही सगळं घर पालथं घातलं. माझ्या साड्या पॉलिएस्टर, यांचे शर्ट पॉलिएस्टर, उशांचे अभ्रे पॉलिएस्टर, फरशी पुसायचं पोतेरंसुद्धा जॉर्जेटचं, वर त्याला जरीचा काठ. तळमजल्यावरच्या वहिनीनं एक पंचा काढून दिला, तो पाण्यात टाकला तर वर तरंगला. शेवटी आबा म्हणाले, कापड ते कापड, आणि त्यांनी जॉर्जेटचीच घडी ठेवली. जॉर्जेट काय धरून ठेवणार? सगळं ॲसिड खाली ओघळलं, वर अश्विनातलं ऊन, आणि सगळी वाफ एकदमच आत सुटली.

तासाभरात माशा बाहेर. पेटीच्या तोंडाशी एकीला एक धरून अशा लोंबकळल्या, की पेटीला दाढी फुटली. गल्लीत बोंब झाली, माशा उठल्या, दारं लावा! आबा मात्र ओढणी घेऊन शांत उभे. "तुना घरमा धुक्कड कयं, तर तू बाहेर निंघशी का नही? हवा खाई ऱ्हायन्यात मन्या बाया." घरात धूर झाला तर तू बाहेर येशील की नाही, हवा खातायत त्या. आणि खडूनं टाकीवर लिहिलं, 'दुपार १. बाहेर लोंबकळल्या. ४. अर्ध्या आत. ६. सगळ्या आत.' खरंच सहाला सगळ्या आत होत्या. मी तर टाळ्याच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या तळाला, पडलेले किडे चिकटावेत म्हणून अंथरलेलं, तेल लावलेलं पांढरं कापड त्यांनी बाहेर काढलं. त्यावर शेकडो तपकिरी ठिपके, सगळे मेलेले किडे. आबांना स्वर्ग दोन बोटं उरला. ते कापड दोन्ही हातांवर पसरून, तोंडावरची ओढणी न काढता, ते घरोघर दाखवत निघाले, आणि घुसले ते नेमके तळमजल्यावर, जिथे पोरीला बघायला पाहुणे बसले होते. मी मागे धावले, पण उशीर झाला होता. गुलाबी टिकल्यांच्या ओढणीतला म्हातारा दारात उभा, आणि पाहुण्यांतले वडीलधारे, जन्म सुरतेच्या कापड बाजारात गेलेले, चष्मा लावून त्या कापडाकडे वाकून बघतायत. मग ते कौतुकानं म्हणाले, "वाह, सरस बुट्टी छे! आ प्रिंट क्यांनी?" छान बुट्टी आहे, ही प्रिंट कुठली?

लग्न जमलं. आबा शेवटपर्यंत म्हणत होते की ते त्यांच्या गोचिडांमुळे जमलं.

पण चौथ्या दिवशी सकाळी मी पेटीला कान लावला आणि माझं हसणंच गेलं. आत मशीन लोडवर नव्हतं, पट्टाही सुटला नव्हता. मयताला जमलेल्या बायका तोंडातल्या तोंडात कण्हतात, तसा एक लांबट, उतरता आवाज येत होता. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी आबांना सांगितलं, "आबा, रडतायत हो."

आबा खुर्चीत बसले. मग म्हणाले, राणी गेली.

पेटीत एकच राणी असते, अंडी घालणारी ती एकटी. ती त्या वाफेनं मेली असणार. पिल्लंही मेली होती, माशा पांढरी पिल्लं ओढून ओढून दारात टाकत होत्या. राणी नसली की माशा तशा कण्हतात. नवीन राणी आतच निपजली नाही, बाहेरून आणलीही नाही, तर म्हाताऱ्या माशा एकेक करून मरतात आणि महिन्या-दोन महिन्यांत पेटी रिकामी होते. पलसाण्याच्या पुढे शेतात एका माणसाच्या पुष्कळ पेट्या होत्या. त्यानं फोनवर सांगितलं, दोन आठवडे थांबा, तुमच्यासाठी एक राणी तयार करून ठेवतो.

ते दिवस मला आठवले की अजून कसंतरी होतं. आबा हळू बोलायला लागले. जन्मात कधी हळू न बोललेला माणूस! गल्ली अस्वस्थ झाली. समोरच्या कारखान्यातली माणसं मला विचारायची, "वहिनी, आबांना बरं नाही का?" खडूनं एकच ओळ रोज लिहिली जायची, 'रडणं चालू.' आणि मला रोज वाटायचं, ती जॉर्जेटची घडी मीच करून दिली होती.

औषध दिल्यापासून बाराव्या दिवशी सकाळी मी कान लावून बसले होते. कण्हणं तेच, जरा बारीक झालेलं. आबा जवळ आले, खाली वाकले आणि त्यांनी विचारलं, "राणी उनी का?"

आमच्या अकोल्याकडे 'ण'चा 'न' होतोच. पाण्याला पानी, लोण्याला लोनी. मी ऐकलं ते 'राणी उणी का?' म्हणजे राणीची उणीव आहे का, नाहीच ना अजून? बिचारे खात्री करून घेतायत. मला भरून आलं. मी मान हलवली आणि त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं सांगितलं, "हो आबा. उनी."

आबांनी मला उचललंच असतं, पण गुडघे आडवे आले. ते हसले, रडले, ओढणी डोक्यावरून गरगर फिरवली, आणि अशी आरोळी ठोकली की इतक्या दिवसांचा सगळा साठा निघाला. मग खाली गेले ते तासाभरानं घारीचे, म्हणजे सुरतेच्या त्या खव्याच्या मिठाईचे, डबे घेऊन आले. नुकताच चंदी पडवा, कोजागरीनंतरचा घारी खायचा सण, होऊन गेलेला, दुकानांतून घारी ओतू जात होती. अख्ख्या इमारतीला घारी, समोरच्या कारखान्याला घारी, भाजीवाल्याला घारी. मी घारी हातात धरून उभी. मला वाटलं, दुःखानं माणूस बिथरला. लोक तेराव्याला जेवू घालतात, यांनी बाराव्यालाच घारी वाटली.

संध्याकाळी हे पाळीवरून आले. डबा बघून विचारलं, हे काय? मी जे झालं ते सांगितलं. यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! 'उनी' म्हणजे 'आली'! राणी आली का, असं विचारलं त्यांनी. आणि तू हो म्हणालीस!"

मी हातातली घारी परत डब्यात ठेवली.

मी काय करावं? तडक वर जाऊन सांगावं. पण मी भित्री. दुसरा अख्खा दिवस मी धाब्याकडे फिरकले नाही. वरून त्यांचा आवाज येत होता, माशांना सगळं समजावून सांगणं चालू होतं. मध्येच जिन्यातून ओरडून त्यांनी मला आनंदाची बातमी दिली की पलसाण्याच्या माणसाला फोन करून नको म्हटलं, त्यानं ती राणी दुसऱ्या कुणाला कबूलही करून टाकली. मी दार लावून घेतलं आणि रडले. माझ्या एका 'हो'मुळे ती पेटी मरणार होती, आणि हा म्हातारा अजून घारी वाटत होता.

चौदाव्या दिवशी सकाळी मी वर गेले. आबा खुर्चीत, तोंडभर हसू. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "आबा, माझी चूक झाली."

"हां, झाली ना! सकायमाच झाली!" त्यांना काय ऐकू आलं देव जाणे. चहा झाला का, असं मी विचारलं असं वाटलं असावं.

"चहा नाही हो! चूक! राणी नाही आली!"

"कोन नही उनी?"

"राणी!" मी जीव तोडून ओरडले. "राणी नाही पेटीत! मी तुमचं बोलणं उलटं समजले!"

हे समोरच्या कारखान्यानं ऐकलं, गल्लीनं ऐकलं, भाजीवाल्यानं गाडी थांबवली. आणि शेवटी आबांनीही ऐकलं. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. मला ओरडतील, खोली सोडा म्हणतील, असं वाटत होतं. ते पेटीकडे बघत बारीक आवाजात म्हणाले, "मंग मी दोन दिन त्यास्ले काय सांगी ऱ्हायनू, माय?" दोन दिवस मी त्यांना काय सांगत बसलो मग?

मला त्यांच्याकडे बघवेना. तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून मी खाली बसले आणि पेटीलाच गाल टेकला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आणि कानात काहीतरी वाजलं.

टूंऽऽऽ. टूं, टूं, टूं.

कण्हणं नव्हतं ते. जत्रेतली पिपाणी कोणी उशीखाली धरून वाजवावी तसं. मी श्वास रोखला. पुन्हा तेच, एक लांब, मग तुटक तुटक. "आबा, आत कोणीतरी पिपाणी वाजवतंय!"

"काय?"

"पिपाणी!"

"कसी?"

मग काय करणार! मी उभी राहिले, तोंडाला दोन्ही हात लावले आणि त्या भरल्या गल्लीसमोर वाजवून दाखवलं, "टूंऽऽऽ! टूं, टूं, टूं!" कारखान्याच्या खिडकीत माणसं गोळा झाली. आबांनी माझ्याकडून ते तीनदा करून घेतलं. "नवी राणी निंघनी की बोलस," ते म्हणाले. शिबिरात सांगितलं होतं म्हणे, मेणाच्या कोठडीतून बाहेर पडलेली नवी राणी अशीच हाक देते. म्हणजे त्या वाफेत एखादं पिल्लू वाचलं होतं, आणि त्याचीच या बायांनी गुपचूप राणी वाढवली होती. आम्ही रडणं लिहीत बसलो होतो तेव्हा आत ते काम चालू होतं.

मी म्हटलं, "आबा, राणी आली! या वेळी खरंच आली!"

आबांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुना मराठीवर मना भरोसा नही," ते म्हणाले.

आणि त्यांनी ओढणी बाजूला टाकली, टोपी काढली, गुडघे धरत धरत खाली बसले, आणि पेटीच्या लाकडी कोपऱ्याला वाकून दात लावले. करकचून. कान गेलेल्यालाही दातांतून, हाडांतून ऐकू येतं म्हणे, ते मला नंतर कळलं. मी घाबरले, माशा तोंडात शिरल्या तर? दोन-तीन माशा त्यांच्या मिशीवरून चालत होत्या. आबा हलले नाहीत. डोळे मिटलेले, गाल आत ओढलेले, सत्तरीचा माणूस चौथऱ्यावरच्या पेटीला चावा घेऊन बसलेला. समोर लूम खटाखट चालू, खाली भाजीवाल्याचा भोंगा, कुणाच्या तरी घरात मिक्सर.

मग त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. एक लांब. मग तुटक, तुटक, तुटक. प्रत्येक ठोक्याला त्यांची हनुवटी बारीक हलत होती.

ते ताडकन उभे राहिले, कठड्यापाशी गेले, आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "ए, बंद करा रे मशिना! चूप बठा सगळा! माले आयकू ई ऱ्हायनं!"

समोरचे लूम एकेक करून थांबले. भाजीवाल्यानं भोंगा बंद केला. आबा परत पेटीपाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पुन्हा दात लावले.